दोन घरांमधला विस्तव

मे महिन्यातली दुपार होती. मागच्या पडवीत आई रातांबे फोडत बसली होती. गर आणि बिया टोपात, सालं सुपात, आणि तिची बोटं मनगटापर्यंत लाल. शेजारी पाय पसरून माझी भाची, यंदा नववीत गेलेली, ठाण्याहून सुट्टीचा अभ्यास बरोबर घेऊन आलेली. इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ लिहायचे आणि वाक्यात उपयोग करायचा, असं तिचं काम होतं आणि त्या पानावरचे सगळे वाक्प्रचार आगीचे होते. ''मावशी, 'टु गेट ऑन लाइक अ हाऊस ऑन फायर' म्हणजे काय गं?'' ''दोन माणसांचं चटकन आणि घट्ट जमणं,'' मी सांगून टाकलं. सव्वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे, हे अर्थ जिभेवरच असतात. आईनं मान वर केली. ''शब्दाला शब्द काय होतं त्याचं?'' ''घर पेटावं तसं जमणं.'' तिचे हात थांबले. ''घर पेटल्यासारखं? आणि त्याला मैत्री म्हणतात?'' एवढंच बोलली. सुपातली सालं तळव्यानं सारखी केली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि न्हाणीकडे हात धुवायला गेली ती परत आलीच नाही. टोपलीत निम्मे रातांबे तसेच राहिले.

माझी आई हातातलं काम अर्धं टाकून उठत नाही. ते निम्मे रातांबे मला संध्याकाळपर्यंत टोचत राहिले.

वर्गात हा वाक्प्रचार मी मोठ्या हौसेनं शिकवत असे. जुनी घरं लाकडाची आणि गवताच्या छपराची, एकदा पेट घेतला की बघता बघता सगळं घर धडधडायचं, म्हणून हा झपाट्याचा, वेगाचा अर्थ. मग मुलांना 1666 सालची लंडनची आग सांगायची. एका बेकरीतल्या भट्टीपासून सुरू झालेली, चार दिवस चाललेली, तेरा हजारांवर घरं खाऊन गेलेली. हा वाक्प्रचार त्या आगीतून आलेला नाही, तो रुळला एकोणिसाव्या शतकात. पण गोष्ट ऐकली की मुलांच्या डोक्यात अर्थ पक्का बसायचा. फळ्यावर मी घर काढायची, त्यावर पिवळ्या खडूनं ज्वाळा. इतक्या वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नाही की पेटलेलं घर मी स्वतः पाहिलेलं आहे. खरं तर घर नाही, गोठा. पण आमच्याकडे गोठा म्हणजे घरच.

1979 सालचा एप्रिल संपत आला होता. मी सात वर्षांची. आमच्या या दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात तेव्हा घरटी भातशेती होती आणि पावसाच्या आधी दाढ भाजायची पद्धत होती. तरवा पेरायच्या जागी शेण, कवळ, पातेरा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. पेटवायचं ते वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनं, म्हणजे आग धावत नाही, सावकाश दबून जळते आणि खालची माती नीट भाजते. त्या दिवशी काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावानं, आपली दाढ पेटवली होती. दुपारी वारा फिरला. आमची पेंढ्याची उडवी गोठ्याला लागूनच होती. मला आठवतो तो आवाज, कुणीतरी मोठं कापड टरकावल्यासारखा, आणि मग आईचं ओरडणं. तिनं हातातल्या कोयतीनं दावी कापली. तीन कापली. चौथं राहिलं, ते पाड्याचं, वासराचं होतं. विहिरीपासून हंडे-कळश्यांची रांग लागली. काका स्वतः शेजारच्या वाशांवर चढून छपराचं गवत उपसून खाली टाकत होते, घराकडे आग जाऊ नये म्हणून. त्यांच्या भुवया जळल्या. नंतर कितीतरी दिवस त्यांचा चेहरा ओळखीचा आणि अनोळखी असा एकाच वेळी दिसायचा.

बाबा मुंबईला गिरणीत होते. तार मिळाल्यावर रात्रीच्या एसटीनं दोन दिवसांनी आले. तोवर गावातल्या कुणी कुणी काडी टाकून ठेवलेली होती. हद्दीवरून, फणसाच्या झाडावरून दोघा भावांत आधी झालेलं बोलणं उकरून काढलं होतं. वारा काय असाच फिरतो का, वगैरे. बाबा अंगणात उभे राहिले. समोर काळे वासे, ओली राख, आणि तो वास, जो मी इथे लिहिणार नाही. काका घमेल्यात राख भरून मागच्या माडांना टाकायला निघाले होते. बाबा कुणाकडेच न बघता म्हणाले, ''आग असल्याशिवाय धूर निघत नाही.''

काकांनी घमेलं खाली ठेवलं. आपटलं नाही, हळू ठेवलं, जसं कुणी झोपलेल्या माणसाजवळ ठेवेल. आणि गडग्यापलीकडे आपल्या घरी गेले.

त्या दिवसापासून आमच्या दोन घरांमधून विस्तव जाईनासा झाला. मराठीत आपण सर्रास म्हणतो, त्या दोघांतून विस्तव जात नाही. म्हणताना निखारा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. माझ्या येतो, कारण त्याआधी तो विस्तव मी स्वतः नेलेला आणि आणलेला होता. आगपेट्या दुकानात मिळत होत्या, पण आजीला काडी जाळणं उधळपट्टी वाटे. रात्री जेवणं झाली की ती चुलीतले निखारे एका बाजूला ओढून राखेखाली पुरायची. सकाळी राख बाजूला करून फुंकणीनं दोन फुंका मारल्या की खालचा लाल डोळा उघडायचा. कधी विझलेलाच निघे. मग मला उठवायची, ''जा गो, काकूकडून विस्तव आण.'' करवंटीत तळाला राख, त्यावर निखारा, वर पुन्हा चिमूटभर राख. पळायचं नाही. वाऱ्याकडे पाठ करायची. करवंटी गरम होत जाते, बोटं बदलत बदलत धरायची, आणि घर येईपर्यंत सगळं लक्ष त्या एका ठिपक्यावर. एरवी काकूच्या अंगणातून आमच्या मागल्या दारापर्यंत पंचवीस पावलं असतील, पण विस्तव हातात असला की ती खूप व्हायची. उसनं तांदूळ मापून परत करावे लागत, मिठाचीही आठवण ठेवली जाई. विस्तव कुणी परत मागितला नाही. दिल्यानं देणाऱ्याच्या चुलीतला तो कमीच होत नव्हता.

आता विचार करते तर या वाक्प्रचाराला फक्त नकार आहे. विस्तव जात नाही असं म्हणतात. त्यांच्यात विस्तव जातो, असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. जातच होता, प्रत्येक घरातून शेजारच्या घरात, रोज. त्याला नाव द्यायची गरज कुणाला पडली नसणार. जायचा थांबला तेव्हाच शब्द लागला. इंग्रजीत मैत्री सांगायला घर पेटवावं लागतं आणि आपल्याकडे वैर सांगायला विस्तव थांबवावा लागतो, यात कोण बरोबर हे मला ठरवायचं नाही. थंडीच्या देशातल्या माणसांना आगीच्या झपाट्यात उल्हास दिसला असेल. पण आपल्याकडे 'जळतं घर भाड्यानं कोण घेणार' म्हणतात, आणि माझ्या आईला ज्वाळा म्हटलं की चौथं दावं दिसतं.

बाबांचं ते वाक्य इंग्रजीतही तसंच्या तसं आहे. त्या पानावर तेही होतं, 'नो स्मोक विदाउट फायर', आणि वहीत अर्थ होता, अफवेत काही ना काही तथ्य असतंच. हे वाक्य शिकवताना मला नेहमी थोडं अवघडल्यासारखं व्हायचं, का ते तेव्हा कळत नव्हतं. पुढे संस्कृतच्या एका सहकारी बाईंनी न्यायशास्त्रातलं उदाहरण समजावून सांगितलं. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून पर्वतावर अग्नी आहे, जसं स्वयंपाकघरात. पण उलटं धरायचं नाही, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. आणि दिसतोय तो खरोखर धूरच आहे ना, धुकं तर नाही, हेही आधी पारखायचं. ऐकता ऐकता मला आमचं अंगण दिसलं. धुरावरून एवढंच कळतं की आग होती. ती कुणी लावली, मुद्दाम लावली की वाऱ्यानं नेली, हे धूर कुठे सांगतो? आपल्या भाषेनं तर याची सोय आधीच करून ठेवली आहे. उडालेल्या ठिणगीला आपण किटाळ म्हणतो आणि खोट्या आळालाही किटाळच म्हणतो. काकांनी शेतात पेटवलेल्या दाढीतून एक किटाळ उडालं आणि दोन दिवसांनी दुसरं त्यांच्यावर आलं. शब्द एकच होता, माझ्या वडिलांना त्यातला चुकीचा अर्थ लागला. बाबा वाईट नव्हते. ते आग विझल्यावर आले होते, एवढंच. वाशांवर चढलेले काका त्यांनी पाहिलेच नव्हते.

आणि आम्ही, ज्यांनी पाहिलं होतं, काही बोललो नाही. मी सात वर्षांची होते, पण आई तेहतीसची होती. तिनं का सांगितलं नाही, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात कोकणातल्या घराघरातले होते. वर्षभर वाट बघून बाबा ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचेच. आई म्हणायची, आगीतून फुफाट्यात. भाचीच्या वहीत याचा इंग्रजी जोडीदार होता, तव्यातून आगीत. मी तिला दोन्ही सांगितले तर तिनं छान विचारलं, मग आपल्याकडे आगीतून पुढे कुठे पडतात? फुफाटा तिला माहीतच नव्हता. मला तो तळपायाला माहीत आहे. शिमग्याच्या होमाच्या दुसऱ्या दिवशी, सहा वर्षांची असताना, मी राखेत अनवाणी उतरले होते. वरून करडी, मऊ, पिठासारखी. एक पाऊल टाकलं, काही झालं नाही, दुसरं टाकलं आणि घोट्यापर्यंत आत गेलं. इंग्रजीतला जीव तव्यावरचा आहे, उडी मारली तर आगीत पडणारा. आई म्हणाली, ''तव्यावरचा बांगडा मेलेला असतो, तो उडी कसा मारील?'' आपल्या म्हणीत अनवाणी चालणारा माणूस आहे. तो आगीतून बाहेर आलेला आहे, आता सुटलो असं त्याला वाटतं आहे, आणि समोर ज्वाळा नाही, धूरही नाही. आमची दोन घरं त्या फुफाट्यात चाळीस वर्षं राहिली. भांडण असं कुणी केलं नाही. लग्नाच्या पत्रिका जात, पण माणसाहाती. पालखी आधी त्यांच्या अंगणात नाचे, मग आमच्या, आणि त्या वेळी दोन्ही घरची माणसं आपापल्या अंगणात उभी असत.

संपाच्या त्या दोन वर्षांची एक गोष्ट मला फार उशिरा टोचली. आम्ही तेव्हा सकाळी नाचणीची पेज आणि रात्री भाकरी-कुळथाचं पिठलं एवढ्यावर होतो. माझ्या पाठच्या बहिणीला दुपारी रडू यायचं आणि आई तिला पोटाशी घेऊन म्हणायची, ''पोटात आग पडली गो माझ्या बाळाच्या.'' पुढे मी शिक्षिका झाले. मुंबईच्या उपनगरातल्या शाळेत एकदा चाचणीत विचारलं होतं, 'फायर इन द बेली' म्हणजे काय. उत्तर हवं होतं, जिद्द, ईर्षा, काही करून दाखवायची धडाडी. मागच्या बाकावरच्या एका मुलानं लिहिलं होतं, खूप भूक लागणे. मी लाल पेनानं फुली मारली. शून्य. तो मुलगा डबा आणत नसे, हे मला माहीत होतं. अर्थ चुकीचा होता, फुली बरोबरच होती, आणि तरी आज ती वही परत मिळाली तर मी त्या फुलीशेजारी काहीतरी लिहीन. काय लिहीन ते अजून सुचलेलं नाही.

'फायर' हा शब्द आमच्या किनाऱ्यावर आधी तोफेतून आला असावा, असं मला हर्णैच्या बंदरावर उभं राहिलं की वाटतं. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. एप्रिल 1755 मध्ये कमोडोर जेम्सच्या जहाजांनी त्यावर मारा केला आणि तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला. बंदुकीचा बार काढणं म्हणजे डिस्चार्ज आणि माणसाला कामावरून मोकळं करणं म्हणजेही डिस्चार्ज, त्यातून पुढे अमेरिकेत 'फायर करणं' म्हणजे नोकरीवरून काढणं झालं. माझे बाबा फायर झाले नाहीत. आमच्याकडे म्हणाले, चूल विझली. बार काढणारा त्या वाक्यात कुणी नाही.

बाबा 2009 मध्ये गेले, काका 2015 मध्ये. राहिल्या दोघी जावा. गडग्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक, आणि ज्यांचं भांडण होतं ते दोघे नसताना त्यांनी ते व्रतासारखं पाळलं.

2020 च्या शिमग्याला मी गावी आले आणि टाळेबंदीत अडकले. त्या दिवसांत रोज कर्फ्यू हा शब्द कानावर पडायचा. तो जुन्या फ्रेंचमधून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'आग झाका'. मध्ययुगात रात्री घंटा वाजली की घरातला विस्तव राखेखाली झाकायचा, नाहीतर लाकडाची गावं पेटायची. हे मला पूर्वीपासून माहीत होतं, पण माझी आजी रोज रात्री जे करायची त्याचंच नाव आज साऱ्या जगावर लागलं आहे, हे त्या वर्षी पहिल्यांदा जाणवलं. मग 3 जूनला निसर्ग वादळ आलं. ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला धडकलं, आम्ही खाडीच्या या अंगाला, तरी दुपारी दीडच्या सुमाराला घर श्वास घेतल्यासारखं वर उचललं जात होतं. कौलं पत्त्यासारखी गेली. माड, पोफळी, आजोबांनी लावलेला फणस, तोच भांडणातला, मुळासकट आडवा. संध्याकाळी वारा पडला तेव्हा माजघरात घोटाभर पाणी होतं. वीज गेली ती महिन्यानं आली. सिलेंडर दुसऱ्या दिवशी संपला आणि रस्त्यावर झाडं पडलेली, नवा येणार कुठून. चुलीला सरपण होतं, थोडं कोरडंही होतं. काडी नव्हती. देवघरातली, फडताळातली, सगळ्या आगपेट्या भिजून लगदा झालेल्या. मी एकेक काडी पदरात चोळून ओढत होते आणि तिचं डोकं गळून पडत होतं.

आईनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली. मागल्या दारी पडलेली एक करवंटी उचलली, चुलीतली कोरडी राख चिमटीनं तिच्यात पसरली, आणि पडक्या गडग्यावरून, आडव्या पडलेल्या पोफळींवरून वाकत वाकत निघाली. चौऱ्याहत्तर वर्षांची. पलीकडे काकूच्या मागच्या पडवीचं छप्पर शाबूत होतं आणि त्यातून धूर येत होता. काकूनं निखारे झाकायची सवय कधी सोडलीच नव्हती. मी दारातून बघत होते. दोघींचं बोलणं ऐकू आलं नाही, बहुतेक झालंच नाही. काकू चिमटा घेऊन खाली वाकली. आई परत येताना धावली नाही. वाऱ्याकडे पाठ करून, बोटं बदलत बदलत आली. मी फुंकणी घेतली. धुरानं डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

त्या करवंटीला तळाशी भोक पडलं. ती अजून वैलाच्या मागे आहे, आई फेकू देत नाही.

संध्याकाळी भाचीनं वही मिटली तेव्हा त्या एका वाक्प्रचारासमोरची वाक्याची ओळ कोरी होती. मी तिला भरायला सांगितलं नाही. आई दिवेलागणीनंतर परत पडवीत येऊन बसली आणि उरलेले रातांबे फोडायला लागली. मी समोर बसले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, ''चौथ्या दाव्याची गाठ ओली होती. कोयती घसरली.'' मी काही बोलले नाही. सालं सुपात पडत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा मागलं दार उघडं होतं. आई उंबऱ्यात उभी. ती रोज अशी उभी राहते, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. पलीकडे काकूकडे आता गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी ती अजून चुलीवरच तापवते. काकूला दम्याचा त्रास आहे, एकटी असते. आई गडग्यावरून पलीकडे बघत होती. थोड्या वेळानं माडांच्या मधून निळसर रेघ वर चढायला लागली.

''पेटवलीन,'' आई म्हणाली, आणि आत वळली.